काळं तीर्थ

ज्वारी काढणीला आली की माझ्या नाकात ओल्या डांबराचा वास येतो. बाकीच्यांना सुगीत हुरड्याचा येतो, कडब्याचा येतो. मलाही येतो. पण त्यांच्या पाठोपाठ हा दुसरा वास येतोच, आणि तो आला की एक माणूस आठवतो, आणि तो आठवला की माझे दात एकमेकांवर बसतात. इतकी वर्षं झाली तरी ते सैल सुटलेले नाहीत. कमी झालेत एवढंच.

यंदा वासाच्या आधी माझी नात ऋतुजा आली. मंगलची, म्हणजे माझ्या मुलीची पोरगी. बीडला कॉलेजात सायन्स शिकते. मी चौथी शिकलेली, तीही लिंबागणेशजवळ माझं माहेर आहे तिथल्या शाळेत. शिरूर कासारच्या रस्त्यावर माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या ओट्यावर बसून ऋतुजाने मोबाईल माझ्यापुढे धरला.

"आजी, हा बघ. लघुग्रह."

मी चष्मा वर सरकवून बघितलं. उंदराने अर्धं खाल्लेल्या रताळ्यासारखा एक दगड. काळा. तव्याच्या बुडासारखा काळा, चमक नसलेला.

"ह्याला मी ओळखते," मी म्हणाले.

ती हसली. म्हातारी काहीतरी बोलते असं समजून पोरं हसतात तशी. मग तिने सांगितलं. मंगळ आणि गुरू ह्यांच्या मधे दगडांचा एक पट्टा आहे. मोजता येणार नाहीत एवढे दगड सूर्याभोवती फिरत असतात. हा त्यातला अगदी लहान. आतून कोळशाच्या जातीचा. ऊन अंगावर पडलं तरी उजेड परत देत नाही, सगळा पिऊन टाकतो, म्हणून सहजी दिसत नाही. त्याला धड नावही नाही, नुसता नंबर आहे.

"एवढे दगड मधे कावून पडलेत?" मी विचारलं. "गोळा होऊन एक घर का नाही झालं त्यांचं?"

"गुरूमुळं. तो लई मोठा आहे ना आजी. त्याच्या ओढीनं ह्यांना एकत्र येताच आलं नाही."

मी गिरणीच्या चाड्यात हात घालून ज्वारी उगाच हलवली. थोरला शेजारी मोठा असला म्हणजे धाकट्याचं घर उभं राहत नाही, हे समजायला मला बीडच्या कॉलेजात जायची गरज नव्हती. पण आभाळातही तेच चालतं हे मात्र मला त्या दिवशी कळलं. दोन मोठ्या वावरांच्या मधल्या बांधावर पडलेली काळी ढेकळं. त्यातलं एक माझ्या खळ्यात आलं होतं.

मंगल शाळेत होती त्या वर्षांत सगळंच नवीन येत होतं. घरांवर टीव्हीच्या तबकड्या आल्या. गावातल्या दुकानात रंगीत कोल्ड्रिंकच्या बाटल्या आल्या, शेजारी फोनची पेटी आली, तिच्यासमोर बायका चपला काढून उभ्या राहायच्या. रस्ता रुंद करायला माणसं आली आणि चुन्याच्या रेघा मारून गेली. रेघा मारून गेले त्या दिवसापासून रस्त्याकडेच्या जागांकडे लोक वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागले. जिथे कालपर्यंत कुत्री झोपत होती तिथे माणसं कंबरेवर हात ठेवून उभी राहायची.

माझं खळं रस्त्याला लागून होतं. मंगलचे वडील त्याच्या आदल्या वर्षी वारले. त्यांना जमीन थोडी आली होती, पण खळं आलं होतं. वाटणी तोंडी झाली. सासरे खळ्यातच बसले होते, मधल्या तिवड्याच्या खांबाला पाठ टेकून. त्यांनी थोरल्याला दुकान दिलं आणि धाकट्याला खळं दिलं. मी आणि माझी थोरली जाऊ अक्का, आम्ही चहाच्या कपबशा घेऊन बाजूला उभ्या होतो. सासरे म्हणाले, "खळं धाकट्याचं. ऐकलं का बायांनो? तुमी बी ऐका." आम्ही ऐकलं. पुढे सासरे गेले, मग मंगलचे वडील गेले. ऐकलेली माणसं उरली तीन. मी, अक्का, आणि अक्काचा नवरा, म्हणजे माझे भाया. आप्पा.

तोवर मी आप्पांशी कधी बोलले नव्हते. आमच्यात भावजयीने थोरल्या भायाशी बोलायचं नसतं. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढायचा आणि जे सांगायचं ते जावेला सांगायचं. भाया दोन हातांवर उभा असला तरी. अक्काचं अर्धं आयुष्य आमचे निरोप इकडून तिकडे देण्यात गेलं.

दुपार होती. फाल्गुन नुकताच लागला होता. गाव अर्धं रिकामं, कारण निम्मी घरं ऊस तोडायला कारखान्यांवर गेलेली. मी आणि मंगल खळ्यात कणसांची रास करत होतो. खळं नुकतंच शेणाने सारवलं होतं, पायाला गार लागत होतं. आभाळ कोरडं ठणठणीत. आणि ट्रकचं टायर फुटावं तसा वर आवाज झाला. लागोपाठ दुसरा. मग शीळ घातल्यासारखं काहीतरी आलं आणि कणसांच्या राशीत धप्प झालं. कोंडा उडून मंगलच्या डोळ्यांत गेला.

मी पोरीला आधी बाजूला ओढलं. मग रास उकरली. आत कोहळ्याएवढा काळा दगड होता. लोक सांगतात असे दगड लालबुंद असतात. हा कोमट होता, राखेत ठेवलेल्या बटाट्यासारखा. वरची साल काळी, करपलेल्या भाकरीसारखी, आणि एका बाजूचा टवका उडाला होता. आत त्याहून काळं. वास ओल्या मातीचा आणि डांबराचा, दोन्ही एकदम.

दुकानातून आप्पा आले. दगड बघितला, वास घेतला.

"डांबर हाय," ते अक्काला म्हणाले. "रोडवाल्यांचं. फेकून दे म्हणावं तिला."

मी फेकला नाही. रास मळायची होती म्हणून उचलून खळ्याच्या कडेला ठेवला. उडालेला टवका मात्र पदराच्या गाठीत बांधून घरी आणला. त्याचं कारण सांगते. आमची घरं माळवदाची, वर मातीचं छत. दर उन्हाळ्यात छतावर नवी माती घालावी लागते. कुठली माती चांगली हे बघायचं तर तिचं ढेकूळ रातभर पाण्यात ठेवायचं. सकाळी ढेकूळ जागेवर असलं तर माती छतावर घालायची. फुटून गाळ झाला तर ती माती पहिल्या पावसात डोक्यावर येणार. मला हाताला लागेल त्या ढेकळाला पाणी दाखवायची सवयच होती. मी तो टवका तांब्यात टाकला.

सकाळी तांब्याच्या तळाशी काळा गाळ होता. ढेकळाचं नावही नव्हतं. माळवदाच्या कामाची नाही, मी म्हणाले, आणि तांब्या घासून ठेवला.

त्याच सकाळी आप्पांना दगडात देव दिसला.

रात्रीत काय झालं ते मला माहीत नाही. चुन्याच्या रेघा माहीत आहेत. दगड गोल होता, काळा होता, आभाळातून आला होता. आप्पा कपाळभर भस्म लावून खळ्यात आले आणि माझ्या राशीसमोर लोटांगण घातलं. "महादेव आला," ते म्हणाले. "सोताहून आला. जागा मागून घेतली त्यानं." दुपारपर्यंत दगड पाटावर बसला. संध्याकाळी वर चार पत्रे उभे राहिले. माझी कणसं पोत्यांत भरून माझ्या दारात आणून टाकली होती.

मी पदर ओढून दुकानासमोर गेले. अक्का सूप घेऊन बसली होती, आप्पा तराजूशी.

"अक्का, आप्पांना विचारा, माझी कणसं मी कुठं मळू?"

"तिला म्हणावं," आप्पा म्हणाले, "शिरूरहून मळणीयंत्र येतंय. खळी आता कोण करतंय?"

"म्हणत्यात, मळणीयंत्र येतंय," अक्का म्हणाली.

"ऐकलं मी. बहिरी न्हाई. त्यांना म्हणावं, मळणीयंत्र येऊ द्या न्हाई तर विमान येऊ द्या, जागा माझी हाय. मला तिथं गिरणी घालायचीय."

"गिरणी," आप्पा म्हणाले. "देवाच्या डोक्यावर पट्टा फिरवणार का ती? आन् जागा तिची कावून? खळं सामाईकात हाय. वाटणीत गेलंच न्हाई ते."

अक्काने सूप खाली ठेवलं. "आता मला कशाला मधी घालताय," एवढंच म्हणाली आणि आत गेली. निरोप द्यायला कोणी उरलं नाही म्हणून आमचं भांडण तिथेच थांबलं.

मला खरंच गिरणी घालायची होती. माझा भाऊ जुनी मोटर देणार होता. शेत कोरडं, घरात पुरुष नाही, पोरगी शाळेत. गिरणी नसती तर आम्ही दोघी पुढच्या दसऱ्याला कोयते घेऊन ऊसतोडीच्या गाडीत बसलो असतो. मंगलची शाळा तिथेच संपली असती. तिची संपली असती तर ऋतुजाचं बीडचं कॉलेज कुठून येणार होतं? रस्त्यावरची तेवढी जागा, एवढंच आमचं होतं.

गावात जेवढे मोठे लोक उरले होते तेवढे पत्र्याखाली बसले. सगळ्यांची मीठमिरची आप्पांच्या दुकानातून यायची. मी बायकांच्या बाजूला उभी राहिले आणि अक्काला मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"अक्का, आप्पांना म्हणावं, बेलभंडारा उचला. देवासमोर उचला आन् सांगा खळं वाटणीत गेलं न्हाई. मी खळं सोडते."

मला वाटलं होतं, उचलणार नाहीत. आप्पा लोभी होते, पण ढोंगी नव्हते. रोज अंघोळ केल्याशिवाय पाणी पीत नसत. सोमवार मोडत नसत. भस्म लावताना त्यांचे डोळे खरंच मिटायचे. म्हणून तर मी बेलाचं बोलले.

आप्पा उठले. दगडावरचं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा उचलून तळहातावर घेतला. "खळं सामाईकात हाय," ते म्हणाले. "खोटं बोलत आसंन तर देव बघून घेईल."

मी अक्काकडे बघितलं. अक्का आपल्या पायाच्या बोटांकडे बघत होती. जोडवी फिरवत होती.

त्या दिवसापर्यंत मला आप्पांचा राग होता. त्या दिवसापासून राग राहिला नाही. राग निवतो. त्याच्या जागी जे आलं ते निवणारं नव्हतं. मी घरी आले, चुलीपुढे बसले, आणि तांब्याकडे लक्ष गेलं. मी तो उचलला, उलटा केला, सुलटा केला. घासलेला, स्वच्छ तांब्या. देव बघून घेईल, आप्पा म्हणाले होते. देवाला मदत लागली तर करावी, असं मला वाटलं.

ऋतुजा म्हणते, ते दगड पृथ्वीच्याही आधीचे आहेत. सूर्य नवा होता तेव्हाचे. मातीत पाणी मुरलेलं, पाण्याने माती मऊ झालेली, तशीच्या तशी थंडीत राहिलेली. वाटेत कोणी त्यांना भिजवलं नाही म्हणून टिकले. मी ते ऐकून घेते. आमच्या खळ्यातल्या दगडाचं मला वाईट वाटतं, हे खोटं कशाला सांगू? एवढा लांबून आला, कोणाच्या अध्यात ना मध्यात, आणि येऊन पडला तो भाया-भावजयीच्या भांडणात. त्याला थोरल्याने पाटावर बसवलं आणि धाकटीने बुडवलं. त्याने स्वतः काहीच मागितलं नव्हतं. जागा तर मुळीच नाही.

पाडव्यापर्यंत दगडाला कोणी पाणी घातलं नाही. सिमेंटचा ओटा व्हायचा होता, तोवर नुसतं भस्म, बेल आणि अगरबत्ती. पाडव्याच्या आसपास ऊसतोडीची माणसं परतायला लागली. ट्रॅक्टरवर पत्रे, कोंबड्या, पेट्या, पोरं. गाव भरलं. जो येईल तो आधी आप्पांच्या देवाला जायचा. ऊन मी म्हणत होतं. डांबराचा रस्ता चपलेला चिकटत होता. ओटा झाला, दगड वर बसला, आप्पांनी दुकानाचे आणखी गाळे काढायला शेजारी पाया आखला. माझ्याच खळ्यात.

मी परत दुकानासमोर गेले. अक्का होती, आप्पा होते, चार गिऱ्हाइकं होती. गिऱ्हाइकं होती म्हणूनच गेले.

"अक्का," मी म्हणाले, "चैत लागला. शिरूरच्या महादेवाला गळती लागली. सगळ्या महादेवांना लागली. आपलाच देव पत्र्याखाली तापतोय."

गळती म्हणजे काय ते आमच्याकडे पोरांनाही माहीत असतं. उन्हाळ्यात पिंडीवर भोक पाडलेला तांब्या टांगतात. त्यातून दिवसरात्र थेंब थेंब पाणी पडत राहतं. देवाला थंडावा.

एक गिऱ्हाईक म्हणालं, "खरंय की आप्पा. गळती न्हाई लावली तुमी?"

"लावायचीच हाय," आप्पा म्हणाले. "ओटा वाळायचा थांबलो होतो."

"मोठा तांब्या लावा म्हणावं," मी अक्काला सांगितलं. "देव मोठा हाय."

दुसऱ्या दिवशी गळती लागली. तांब्याही नाही, पितळेची कळशीच लावली. रोज सकाळी ती कळशी भरायची कोणी, तर अक्काने. आडाचं पाणी तळाला गेलं होतं, तरी अक्का पोहरा ओढून ओढून भरायची. मी माझ्या दारातून बघायची. थेंब पडायचा, दगडावर फुटायचा. थेंब पडायचा, फुटायचा. इतक्या शांतपणे कोणाचं काही बिघडताना मी आजवर बघितलेलं नाही.

आधी पाणी काळसर यायला लागलं. आप्पांनी सांगितलं, देव विष बाहेर टाकतोय, नीळकंठ आहे तो. लोकांना पटलं. ते काळं पाणी तीर्थ म्हणून हातावर घ्यायला रांग लागली. बायकांनी पोरांच्या कपाळाला लावलं. आप्पा कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांत भरून गावोगावी द्यायला लागले. ज्यांचं पोट दुखत होतं त्यांचं राहिलं, ज्यांचं दुखत नव्हतं त्यांनाही बरं वाटलं. वास तोच. माती आणि डांबर. दर बाटलीबरोबर देवाचं थोडं थोडं अंग गावाबाहेर जात होतं आणि ते आप्पा स्वतःच्या हाताने, बूच लावून पाठवत होते.

माझ्याकडेही एक बाटली आली. अक्काने आणून दिली.

"तीर्थ," ती म्हणाली.

"ठेवा," मी म्हणाले.

ती उंबऱ्यावर थोडा वेळ टेकली. पोहरा ओढून तळहात सोलले होते. ते ती पदराला पुसत होती. "यंदा माळवदाला कुठली माती घालणार तू?" तिने विचारलं.

"बघते आहे अजून. पाण्यात टाकून."

"हां," अक्का म्हणाली. "पाण्यात टाकल्याबिगर कळत न्हाई." आणि उठून कळशी भरायला गेली. दुसरी खेप.

वैशाखात दगडाची साल उकलली. वाळलेल्या कांद्यासारखे त्याचे पापुद्रे निघायला लागले. आप्पांनी त्यावर लोणी लावलं, चंदन लावलं, चांदीचा मुखवटा करायला टाकला. गळती बंद करा असं कोणी म्हणालं नाही, कारण उन्हाळ्यात चालू गळती बंद करण्याएवढं वाईट काही नाही. आप्पांना तर तसं म्हणवलंच नसतं. ते खरे भाविक होते, म्हणून तर हे झालं. ढोंगी माणसाने त्याच दिवशी कळशी उतरवली असती.

एका सकाळी आप्पा पत्र्याखाली गेले आणि बाहेर आलेच नाहीत. लोक गोळा झाले. मीही गेले, बायकांच्या बाजूने. ओट्यावर बेलाची पानं होती, आणि पानांच्या खाली काळा चिखल. वरून थेंब पडत होता. चिखलात त्याचा खड्डा पडला होता, बाळाच्या टाळूएवढा. आप्पा खाली बसून तो चिखल दोन्ही हातांनी गोळा करत होते, लिंपून परत गोल करायला बघत होते. होत नव्हता. बोटांमधून निसटत होता.

"देव गेला," ते म्हणाले.

मग ऊसतोडीहून आलेली एक म्हातारी, जिला आप्पांच्या दुकानाचं काही पडलं नव्हतं, ती म्हणाली, "लेकुरवाळीच्या जागेत बसवला व्हय त्याला? मग कसा ऱ्हाईल?"

मला बोलायची गरजच उरली नव्हती. दिवस मावळायच्या आत गावात एकच बोलणं झालं. बेल खोटा उचलला. आप्पांनी तो चिखल मडक्यात भरला आणि विसर्जनाला सिंदफणेवर नेला. नदीला पाण्याचा थेंब नव्हता. वाळूत खड्डा करून पुरावा लागला. परत आले ते वाकूनच. त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः पत्रे उतरवले, आखलेला पाया बुजवला, आणि अक्काबरोबर निरोप पाठवला.

"म्हणत्यात, खळं तुझं हाय."

"ठाऊक हाय मला," मी म्हणाले. "तुमाला बी ठाऊक होतं."

अक्का म्हणाली, "म्हणून तर पाणी वढलं." ह्या विषयावर आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही. ती वारली तेव्हा तिच्या तळहातावरचे पोहऱ्याच्या दोराचे वळ मी बघितले, अजून होते.

पाप केलं असं मला वाटत नाही. खरा देव असता तर विरघळला नसता. आणि विरघळणारा देव असला, तर त्याला माझं म्हणणं पटलं म्हणूनच विरघळला. दोन्हीकडून माझंच बरोबर निघतं.

पुढच्या वर्षी गिरणी लागली. मोटर पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा पट्ट्याचा आवाज आप्पांच्या दुकानात ऐकू जावा म्हणून मी दार उघडं ठेवलं. गावात दुसरी गिरणी नाही. आप्पांच्या घरचं दळण माझ्याकडेच येतं. ते मी सगळ्यांच्या शेवटी लावते. लाईट जायची वेळ झाली की आधी त्यांचा डबा बाजूला सरकवते. अक्का होती तोवर मी हात जरा आवरता घ्यायची. ती गेल्यावर तेही सोडलं. आणि आप्पांनी त्या वैशाखापासून सोमवारचा एक वेळचा फराळही सोडला. सोमवारी दिवसभर पाण्यावर असतात. दोन्ही सुना सांगून थकल्या. ते म्हणतात, माझ्याकडून चूक झाली, देव उठून गेला.

हे मी ऋतुजाला सांगितलं. तिने मोबाईल मांडीवर उलटा ठेवला.

"आजी, तो कार्बनचा उल्कापाषाण होता. असले दगड पाण्यात फुटतातच. कोणीही ठेवला असता, कुठंही ठेवला असता, तरी फुटला असता. बेलाचा काही संबंध नाही."

"मला न्हाई का ते ठाऊक?"

"मग आप्पाआजोबांना कोणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार?"

मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मला कळलं, ही सांगणार. शिकलेल्या पोरांना जे कळतं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. आणि तेवढ्यात काठी टेकत आप्पाच आले. एका हातात ज्वारीचा डबा. सुनांना वेळ नसतो, अक्का नाही, म्हणून हल्ली स्वतःच आणतात. दाताने भाकरी तुटत नाही, बारीक पीठ लागतं त्यांना. मी डोक्यावर पदर ओढला. ओट्यावर मधे निरोप द्यायला कोणी नव्हतं.

त्यांनी डबा ठेवला. गेले नाहीत. रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले, जिथे तेव्हा पत्रे होते त्या बाजूला.

"मंगलची आई," ते म्हणाले. सगळ्या आयुष्यात ते माझ्याशी पहिल्यांदा बोलत होते. "एक विचारू का? आता दिवस थोडे राहिले. देव कावून गेला आसंन गं?"

ऋतुजाने तोंड उघडलं. "आप्पाआजोबा, तो दगड..."

"ऋतुजा, चाडं बघ," मी म्हणाले. "ज्वारी सांडंल."

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. ती उठली आणि आत गेली. मोटरचा आवाज होता, पट्टा फिरत होता, पिठाचा धुरळा दारातल्या उन्हात उडत होता. आप्पा वाट बघत होते. एक हात काठीवर होता, दुसऱ्याच्या तळहाताच्या रेघांत भस्म होतं. मला एका शब्दात त्यांना सोडवता आलं असतं. दगड होता, आप्पा, मातीचा, एवढं म्हटलं असतं तर त्या माणसाने पुढच्या सोमवारी फराळ तरी केला असता.

मी पदर थोडा मागे सारला, त्यांना माझं तोंड दिसेल इतका.

"बेल तुमी उचलला होता, आप्पा," मी म्हणाले. "मला कावून विचारता?"

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग काठी टेकत गेले.

ऋतुजा बाहेर आली. डोळे लाल झाले होते. पिठाने असतील. "तू खोटं बोललीस," ती म्हणाली.

"त्यातलं खोटं कुठलं ते दाखव."

ती ओट्याच्या टोकाला जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून, आणि तो काळा दगड परत मोबाईलवर बघत राहिली. तो तिकडेच बरा आहे, दोन थोरल्यांच्या मधल्या बांधावर, कोरडा. मी आप्पांचा डबा उचलून भिंतीकडे सारला. त्यांच्यामागून तीन बायका दळणं घेऊन आल्या होत्या. त्यांची आधी लावली.